गाड्या धावतात, प्रवास सांध्यावर अडतो

प्रति,
महानगरांच्या सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणांचे प्रमुख, मार्गनियोजक आणि नियंत्रण कक्षातील अधिकारी

विषय: एका वाहनातून दुसऱ्या वाहनात बदलण्याच्या जागा तपासण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या मासिक अहवालात किती फेऱ्या सुटल्या, किती रद्द झाल्या, किती वेळेवर निघाल्या, किती तिकिटे फाटली, हे सगळे असते. प्रवासी मात्र फेरीने प्रवास करत नाही. तो घरून कामाला जातो आणि त्या वाटेत तुमच्या दोन-तीन फेऱ्या एकमेकींना जोडून घेतो. ती जोडणी अहवालात कुठल्याच रकान्यात नसते, कारण ती कुणाच्याच विभागात मोडत नाही. बस एकाची, मेट्रो दुसऱ्याची, मधला पदपथ तिसऱ्याचा, सिग्नल चौथ्याचा. या जोडणीच्या जागेला आम्ही सांधा म्हणतो आणि हे पत्र तेवढ्यापुरतेच आहे.

एक साधा प्रवास घ्या. २० मिनिटे बस, १८ मिनिटे मेट्रो, पुन्हा १२ मिनिटे बस. चाकांवरचा वेळ ५० मिनिटे. आता उरलेले मोजा: पहिल्या बसची वाट ५ मिनिटे, थांब्यापासून फलाटापर्यंत ६, गाडीची वाट ३, उतरल्यावर बाहेर पडून पुढचा थांबा गाठायला ५ आणि तिथे थांबणे १०. झाली २९ मिनिटे. नियोजनाच्या हिशेबात वाट पाहण्याचा आणि पायी चालण्याचा वेळ गाडीत बसलेल्या वेळेच्या साधारण दुप्पट जड धरायचा प्रघात आहे, कारण माणसाला तो तसाच लागतो. म्हणजे ही २९ मिनिटे ५८ होऊन बसतात आणि चाकांवरच्या ५० ला मागे टाकतात. गाडीचा वेळ ५ मिनिटांनी कमी करायचा तर उड्डाणपूल, नवे रूळ, नवे डबे लागतात. शेवटच्या थांब्यावरची १० मिनिटे ६ वर आणायला बहुतेक वेळा एक जाणता नियंत्रक पुरतो.

ती १० मिनिटे येतात कुठून, ते आधी पाहू. दर १० मिनिटांनी बस असे पाटीवर लिहिले असेल तर सरासरी वाट ५ मिनिटांची असायला हवी. ती तशी असते, पण गाड्यांमधले अंतर सारखे राहिले तरच. समजा एक बस आली, २ मिनिटांत दुसरी आली आणि मग १८ मिनिटे काहीच नाही. तासाला सहा गाड्यांचा आकडा तोच राहतो. पण थांब्यावर केव्हाही येणारा माणूस १८ मिनिटांच्या खिंडारात सापडण्याची शक्यता २० पैकी १८ आहे. हिशेब केला तर सरासरी वाट ८.२ मिनिटे निघते. गाड्या जोडीजोडीनेच येऊ लागल्या, म्हणजे २० मिनिटांनी दोन एकदम, तर वाट १० मिनिटे होते. तीन-तीन एकदम आल्या तर १५. इंधन, चालक, गाड्या तेवढ्याच आणि सेवा एक तृतीयांशावर.

गर्दीचा आकडा याहून फसवा आहे. थांब्यावर मिनिटाला ३ माणसे येत असतील तर १८ मिनिटांनी आलेल्या बसमध्ये ५४ चढतात आणि तिच्या मागून २ मिनिटांत येणाऱ्या बसला ६ मिळतात. अहवाल म्हणतो, गाडीमागे सरासरी ३० प्रवासी, म्हणजे गाड्या रिकाम्या आहेत, फेऱ्या कमी करता येतील. पण ६० जणांपैकी ५४ जणांनी खचाखच भरलेली गाडीच पाहिली. प्रवाशाच्या बाजूने मोजली तर सरासरी ४९ च्या पुढे जाते. ‘गाड्या रिकाम्या धावतात’ आणि ‘गाडीत पाय ठेवायला जागा नाही’ ही दोन्ही विधाने एकाच मार्गावर एकाच दिवशी खरी असतात. त्यावरून वाहकाशी वाद घालणारा प्रवासी आणि प्रवाशाला खोटे ठरवणारा अधिकारी, दोघेही आपापल्या आकड्यांना धरून असतात.

गाड्या गोळा होतात त्यामागे चालकांची मिलीभगत असते, असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. जी. एफ. न्यूवेल आणि आर. बी. पॉट्स यांनी १९६४ सालीच या गणिताची मांडणी केली. एखादी बस सिग्नलला अडकून २ मिनिटे मागे पडते. तेवढ्या वेळात प्रत्येक पुढच्या थांब्यावर जास्त माणसे जमतात. थांब्यामागे दोन जादा चढणारे धरले आणि एकाला ३ सेकंद, तरी थांब्यामागे ६ सेकंद गेले. २० थांब्यांत आणखी २ मिनिटे, तीही व्याजावर व्याज चढत. मागच्या बसला मात्र माणसेच उरत नाहीत, म्हणून ती लवकर पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. मोकळे सोडले तर अंतर आपोआप बिघडते. ते सारखे ठेवायचे तर कुणीतरी ते सतत सारखे करत राहावे लागते.

सारखे करायचे कसे? मार्गाच्या एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अंतरावर नियंत्रणाचे थांबे ठरवा, शक्यतो जिथे बरेच प्रवासी उतरतात तिथे, म्हणजे थांबवलेल्या गाडीत कमी माणसे ताटकळतील. तिथे आलेल्या गाडीच्या पुढचे अंतर ६ मिनिटे आणि मागचे १४ मिनिटे असेल तर फरकाच्या निम्मी, म्हणजे ४ मिनिटे, गाडी थांबवली की १०-१० होते. पण भरल्या गाडीला एका जागी ४ मिनिटे रोखाल तर वाहकाला मार खायची वेळ येईल. एकेक मिनिट तीन-चार ठिकाणी रोखा आणि ‘पुढची गाडी जवळ आहे, अंतर राखायला मिनिटभर थांबत आहोत’ हे वाहकाला मोठ्याने सांगू द्या. एवढ्या एका वाक्याने निम्मी चिडचिड ओसरते. मागे पडलेल्या चालकाला मात्र ‘पळव’ म्हणू नका. तो थांबे वगळतो, पिवळ्यावर घुसतो, आणि वाचवलेला मिनिट पुढच्या लाल दिव्यात घालवतो.

दुसरी गोष्ट टोकाच्या थांब्यावरची. धावण्याचा वेळ सरासरीने ठरवला तर जवळपास निम्म्या फेऱ्या उशिरा पोचतात, आणि चालकाला उतरायला वेळच न उरल्याने पुढची फेरी जन्मतःच उशिराची होते. धावत्या वेळेच्या १० ते १५ टक्के विसावा टोकाला ठेवा. तो चालकाच्या पाण्याचा आणि लघवीचाही वेळ आहे. ‘बस उभ्या दिसतात’ अशी तक्रार आली की हाच वेळ सर्वांत आधी कापला जातो, आणि पुढच्या महिन्यात मार्ग का बिघडला म्हणून समिती बसते.

मोजपट्टीही बदलावी लागेल. वारंवार बस असलेल्या मार्गावर ‘फेरी वेळेवर सुटली का’ या प्रश्नाला अर्थ नाही. १०-१२ मिनिटांच्या आत बस असेल तर लोक वेळापत्रक बघून घराबाहेर पडत नाहीत. लंडनमध्ये तासाला पाच किंवा अधिक बस असलेल्या मार्गांवर ठरल्यापेक्षा प्रवाशाला किती जादा थांबावे लागले तेच मोजतात. तुमच्या गाड्यांत जीपीएस असेल तर हे काढायला वेगळा पैसा लागत नाही. आठवड्याच्या नोंदी काढा, अंतरांचे वर्ग करून बेरीज करा, तिला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा. सरासरी वाट हाती येते.

संध्याकाळी उशिरा आणि विरळ मार्गांवर मामला उलटा होतो. तिथे अंतरापेक्षा घड्याळ महत्त्वाचे. दर १४ मिनिटांनी बस हे कागदावर छान दिसते, पण ७:०४, ७:१८, ७:३२, ७:४६, ८:०० ही माळ कुणाच्या लक्षात राहणार? ६० ला निःशेष भाग जाणारे अंतर ठेवा: १०, १२, १५, २०, ३०. आणि भेटणाऱ्या दोन मार्गांना एकाच कुळातले आकडे द्या. १५ मिनिटांची गाडी आणि २० मिनिटांची बस तासातून एकदाच नीट जुळतात. १५ आणि ३० असतील तर प्रत्येक बसला जोडगाडी मिळते. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक मिनिटांना सुटणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक लावले. पुढे २००४ च्या अखेरीस झुरिच ते बर्न हा प्रवास तासाच्या आत आणला, तो केवळ वेगाच्या हौसेने नव्हे. गाडी तासाच्या ठोक्याआधी पोचली तरच बाकीच्या गाड्यांना भेटते, म्हणून. आधी भेट ठरवली, मग वेग. आपल्याकडे वेग आधी जाहीर होतो.

सांध्यावरचा सर्वांत क्रूर आकडा १ मिनिट हा आहे. गाडी ९:०२ ला येते, बस ९:०३ ला सुटते, आणि चालायला ३ मिनिटे लागतात. कागदावर जोडणी आहे, प्रत्यक्षात माणूस जिन्यावरून बसचा मागचा दिवा बघतो. चालण्याचा वेळ अधिक २-३ मिनिटांची सैल जागा, एवढे धरून बसची वेळ लावा. चालण्याचा वेळ तरण्या कारकुनाच्या पावलांनी मोजू नका. सपाटीवर मिनिटाला ८० मीटर हा हिशेब हात मोकळे असलेल्या धडधाकट माणसाचा आहे.

शेवटच्या गाड्यांची वेळापत्रके नेहमी उलट्या बाजूने बांधावीत. शेवटची मेट्रो ११:१० ला पोचणार असेल तर तिथून निघणारी शेवटची बस ११:२० च्या आधी सुटता कामा नये. ‘मेट्रो उशिरा असल्यास ५ मिनिटे थांबावे’ हा आदेश चालकाच्या कागदावर छापलेला हवा, कुणाच्या फोनवर अवलंबून नको. कारण दोन नियंत्रण कक्षांत फोन असतोच असे नाही, आणि असला तरी तो उचलायला जबाबदार माणूस रात्री अकराला जागेवर असतोच असे नाही. दिवसा चुकलेल्या जोडणीची किंमत १० मिनिटे असते, रात्री ती निर्जन थांब्यावर एकटे उरण्याची असते. ज्यांना ती भीती आहे ते शेवटच्याच काय, शेवटून तिसऱ्या गाडीनेही येत नाहीत, आणि मग ‘रात्री प्रवासीच नाहीत’ अशी नोंद होते.

आता पायाखालची जमीन. नकाशावर थांबा आणि स्थानक शेजारी दिसतात. हॅरी बेक यांनी आखलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये छापला गेला, तेव्हापासून जगभर सरळ आणि तिरक्या रेषांचे, खरे अंतर बाजूला ठेवणारे नकाशे रूढ झाले. कुठे बदलायचे ते त्यांतून चटकन कळते, पण किती चालायचे ते कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांत जेमतेम २६० मीटर आहेत, तरी नवखे लोक तेवढ्यासाठी जिने उतरून गाडी धरतात. म्हणून नकाशाखाली प्रत्येक बदलाची मिनिटे आणि पायऱ्यांची संख्या छापा. ६ मीटर चढ म्हणजे सुमारे ४० पायऱ्या. सामान, मूल किंवा दुखरा गुडघा असलेल्याने काय ते आधीच ठरवावे.

लिफ्ट एकच असेल तर ती बंद पडल्यावर चाकाच्या खुर्चीतल्या माणसासाठी ते स्थानक नसल्यातच जमा. खरी दांडगाई पुढे आहे: लिफ्ट बंद असल्याची पाटी लिफ्टच्याच दारावर लावतात. ती माहिती त्याला गाडीत बसण्याआधी, निघण्याच्या स्थानकावर हवी. दृष्टिहीनांसाठीच्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्यांचेही तसेच. सेइइची मियाके यांची ही कल्पना १९६७ मध्ये जपानमधल्या ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर उतरली. फलाटावर ती पट्टी आता बहुतेक ठिकाणी दिसते, पण प्रवेशद्वारापाशी ती संपते आणि बसथांबा ५० मीटर पुढे असतो. स्थानकाची हद्द संपली म्हणून पट्टी संपली. मधल्या ५० मीटरांत दुचाकी उभ्या.

थांबा कुठे ठेवायचा, यात बस चालवणाऱ्याचा आणि बदलणाऱ्याचा स्वार्थ वेगळा असतो, हे मान्य करूनच बोलू. सिग्नलच्या अलीकडे थांबा ठेवला तर बस हिरव्यात माणसे घेते आणि लाल लागल्यावर तिथेच उभी राहते. म्हणून थांबा सिग्नलच्या पलीकडे ठेवणे बहुधा बरे. पण त्यामुळे स्थानकातून येणाऱ्याला एकाऐवजी दोन रस्ते ओलांडावे लागत असतील आणि प्रत्येक सिग्नल ९० सेकंदांचा असेल, तर बसचा वाचलेला अर्धा मिनिट शंभर माणसांच्या मिनिटा-मिनिटांनी फेडला जातो. अशा ठिकाणी थांबा दाराशी आणावा आणि बसला सिग्नलवर प्राधान्य द्यावे. झुरिचच्या मतदारांनी १९७७ मध्ये ट्राम आणि बसला रस्त्यावर असे प्राधान्य देण्यासाठी पैसा मंजूर केला होता.

नावांचा घोळ तर फुकटात मिटण्यासारखा आहे. स्थानकाचे नाव एक, त्यासमोरच्या थांब्याचे दुसरे, बसच्या पाटीवर तिसरे, आणि ध्वनिमुद्रित घोषणेत जुने नाव. एकाच नावाने सगळे बांधा. चौकात आठ खांब असतील तर प्रत्येकाला अक्षर द्या आणि तेच अक्षर स्थानकातल्या पाटीवर लिहा. बाहेर पडायच्या दारांना क्रमांक द्या, आणि कोणत्या दाराने कोणती बस, ही पाटी फलाटावरच लावा. तिकीटफाटकाबाहेर लावली तर माणूस चुकीच्या टोकाला पोचलेला असतो. लिपी न वाचता येणाऱ्यांचाही विचार करा: मेक्सिको सिटीच्या मेट्रोत १९६९ पासून प्रत्येक स्थानकाला चित्र आहे, टोकियोच्या भुयारी मार्गांवर २००४ पासून स्थानकांना अक्षर आणि आकडा आहे.

थांब्यांमधल्या अंतराबद्दल बोलले की सभेत आरडाओरडा होतो, तरी बोलतो. १० किलोमीटरच्या मार्गावर २५० मीटरला एक म्हणजे ४० थांबे. ४०० मीटरला एक केला तर २५. माणसे तेवढीच चढणार, त्यामुळे त्यांचा वेळ वाचत नाही. ब्रेक, दार आणि पुन्हा वेग यांचा साधारण २० सेकंद वाचतो. १५ थांब्यांचे ५ मिनिटे, जाऊन-येऊन १०. फेरा १२० मिनिटांचा असेल तर १० मिनिटांच्या अंतरासाठी १२ गाड्या लागत होत्या, त्या ११ झाल्या. बारावी गाडी कापू नका. ती चालकासह टोकाला राखीव उभी ठेवा आणि खिंडार पडले की मध्येच सोडा. दवाखान्यासमोरचा, चढावरचा आणि बदलाचा थांबा मात्र कोष्टक काहीही म्हणो, हलवू नये.

भाड्याचे थोडक्यात. प्रवाशाने दोन वाहने वापरली ती तुमच्या जाळ्याच्या रचनेमुळे, त्याच्या हौसेने नव्हे. मग प्रत्येक सांध्यावर पहिल्या टप्प्याचे भाडे नव्याने का? सोलने १ जुलै २००४ रोजी बस आणि मेट्रोचे भाडे एकत्र अंतरावर बांधले. लंडनच्या बसमध्ये २०१६ मध्ये पहिल्या बसपासून तासाभरात धरलेली दुसरी बस मोफत झाली, २०१८ पासून त्या तासात कितीही. ही सवलत आणताना घड्याळ कुठून सुरू होते ते पाहा. पहिल्या वाहनात चढल्यापासून ६० मिनिटे धरली आणि तोच प्रवास ७० मिनिटांचा असेल, तर सर्वांत लांब राहणाऱ्यालाच सवलत मिळत नाही. उतरल्यापासून मोजा, आणि मुदत पुढच्या वाहनाच्या अंतरापेक्षा किमान दुप्पट ठेवा. नाहीतर तुमची बस उशिरा आली याचा दंड प्रवासी भरतो. रोखीने काढलेल्या कागदी तिकिटावरही वेळ छापून ते चालू द्या; कार्ड नसलेलाच बहुधा सर्वांत गरजू असतो.

मोबाईलवरच्या माहितीबद्दल एकच आग्रह. रद्द झालेली फेरी पडद्यावर ‘५ मिनिटे’ म्हणून येत राहते आणि शून्यावर पोचून नाहीशी होते, हा प्रकार थांबवा. असे होते, कारण जीपीएसचा संकेत नसला की यंत्रणा गुपचूप वेळापत्रकाचा आकडा दाखवते. प्रत्यक्ष ठिकाणावरून काढलेली वेळ आणि वेळापत्रकातली वेळ यांना वेगळा रंग किंवा वेगळी खूण द्या. आगारात फेरी रद्द झाली की ती नोंद कागदी वहीत न राहता त्याच मिनिटाला माहितीप्रवाहात जायला हवी. वाहतुकीची माहिती अ‍ॅपना पुरवण्याच्या जीटीएफएस या खुल्या साच्यात रद्द फेरी कळवायची सोय आहे. ती भरणारा माणूस नेमलेला नसतो. आणि थांब्यावर छापील वेळापत्रक राहू द्या, बॅटरी संपलेल्यांसाठी.

मागणी अशी. शहरातले सर्वांत गर्दीचे २० सांधे निवडा. प्रत्येक ठिकाणी दोघांना पाठवा, एकाच्या हातात घड्याळ, दुसऱ्याच्या हातात १० किलोची बॅग. सकाळच्या गर्दीत, रात्री दहानंतर आणि रविवारी, अशा तीन वेळा. नोंदायचे एवढेच: चालण्याची मिनिटे, पायऱ्या, ओलांडलेले रस्ते, वाट पाहण्याचा वेळ, चुकीच्या दिशेला किती पावले गेली, आणि नव्याने किती भाडे लागले. पाहणी करणाऱ्याला त्या भागाची माहिती नसावी, ही अट महत्त्वाची. रोजचा माणूस पाट्या वाचतच नाही. प्रत्येक सांध्याला एका अधिकाऱ्याचे पद जोडा आणि बस, मेट्रो, पदपथ, सिग्नल या चारही खात्यांना लिहिण्याचा अधिकार त्या पदाला द्या. तक्ता दर तीन महिन्यांनी त्याच सांध्यावर, फलाटाच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात लावा.

कळावे,

मार्गनियोजन, वेळापत्रक आणि वाहतूक नियंत्रण या कामांतले काही जण